चर्च हॉल ते क्रीडासंकुल : इंग्लंडमधील क्लब बॅडमिंटन आणि वास्तूचे सामाजिक कार्य

सारांश

इंग्लंडमध्ये बॅडमिंटन हा खेळ प्रथम लष्करी कवायतगृहांतून आणि त्यानंतर चर्चला जोडून असलेल्या सभागृहांतून वाढला. १९६० नंतर सार्वजनिक क्रीडासंकुलांची उभारणी सुरू झाली आणि अनेक क्लब जुन्या हॉलमधून नव्या वास्तूंत गेले. या स्थलांतरामुळे खेळाची गुणवत्ता, सुरक्षितता व सुगमता वाढली. परंतु क्लब या संस्थेचे स्वरूपही बदलले. प्रस्तुत लेखात दोन्ही वास्तूंचा खेळाच्या तंत्रावर, वेळेच्या विभागणीवर आणि सभासदांच्या परस्परसंबंधांवर होणारा परिणाम तपासला असून, बंदिस्त क्रीडागृह उभारणाऱ्या महाविद्यालयांना त्यातून काय घेता येईल, याचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : बॅडमिंटन, चर्च हॉल, क्रीडासंकुल, क्लब, सामाजिक भांडवल

प्रस्तावना

खेळाचा अभ्यास करताना सामान्यतः खेळाडू, नियम, प्रशिक्षण आणि स्पर्धा या घटकांकडे लक्ष दिले जाते. खेळ ज्या वास्तूत खेळला जातो ती वास्तू मात्र निव्वळ पार्श्वभूमी मानली जाते. बॅडमिंटनच्या बाबतीत हा दृष्टिकोन अपुरा ठरतो. सुमारे पाच ग्रॅम वजनाचे पिसांचे शटल वाऱ्याच्या हलक्या झुळुकीनेही मार्ग बदलते. त्यामुळे या खेळाला आरंभापासूनच छप्पर आणि चार भिंती यांची गरज भासली. साहजिकच ज्या प्रकारची वास्तू उपलब्ध झाली, त्या प्रकारचा खेळ आणि त्या प्रकारची संघटना निर्माण झाली.

येथे दोन संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. ‘चर्च हॉल’ म्हणजे प्रार्थनेची मुख्य वास्तू नव्हे. चर्चच्या आवारात किंवा जवळपास रविवारची धर्मशाळा, महिलांच्या सभा, नाट्यप्रयोग, जुन्या वस्तूंची विक्री अशा उपक्रमांसाठी बांधलेले ते स्वतंत्र सभागृह होय. ‘क्लब बॅडमिंटन’ म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या बाहेर, आठवड्यातील एक-दोन ठरावीक संध्याकाळी एकत्र येणाऱ्या हौशी सभासदांचा खेळ. इंग्लंडमध्ये त्याचा मुख्य हंगाम साधारणतः सप्टेंबर ते एप्रिल असतो. सभासदांचा आपसांतील खेळ आणि परिसरातील क्लबांबरोबर होणारे लीगचे सामने अशी त्याची दोन अंगे आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

शटल हवेत झेलत ठेवण्याचा खेळ युरोप व आशियात फार जुना आहे. मध्ये जाळे बांधून दोन पक्षांत खेळण्याचा प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यातील ड्यूक ऑफ बोफर्ट यांच्या ‘बॅडमिंटन हाउस’ या निवासस्थानावरून खेळाला आजचे नाव मिळाले. तथापि या खेळाचे दुसरे एक नाव ‘पूना’ असे होते. पुण्याच्या लष्करी छावणीतील ब्रिटिश अधिकाऱ्यांमध्ये तो लोकप्रिय होता आणि १८७३ च्या सुमारास त्याचे नियम तेथे लेखी स्वरूपात आले, असे बॅडमिंटनच्या इतिहासात नमूद केले जाते. भारतातून परतलेल्या अधिकाऱ्यांनी हा खेळ आपल्याबरोबर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील शहरांत नेला. १३ सप्टेंबर १८९३ रोजी साउथसी येथे ‘बॅडमिंटन असोसिएशन ऑफ इंग्लंड’ची स्थापना झाली, तेव्हा तिच्यात १४ क्लब सहभागी होते.

लष्कराशी असलेल्या या नात्यामुळे खेळाला इंग्लंडमध्ये पहिले छप्पर मिळाले ते कवायतगृहांचे. १८९९ मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा प्रथम भरली तीही लंडनमधील एका लष्करी पथकाच्या कवायतगृहातच. पुढे १९१० ते १९३९ या काळात ती वेस्टमिन्स्टर येथील रॉयल हॉर्टिकल्चरल हॉल या मुख्यतः पुष्पप्रदर्शनांसाठी बांधलेल्या वास्तूत भरत असे. म्हणजेच खेळाची सर्वोच्च स्पर्धाही कित्येक दशके दुसऱ्याच हेतूने बांधलेल्या इमारतींत पार पडली.

वास्तू आणि नियम यांच्या नात्याचे एक उदाहरण याच काळात आढळते. १९०१ पर्यंत बॅडमिंटनचे कोर्ट आयताकृती नव्हते. ते जाळ्यापाशी अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद, म्हणजे वाळूच्या घड्याळासारखे असे. ज्या दालनात आरंभी खेळ होत असे त्याचे दरवाजे मध्यभागी आतल्या बाजूला उघडत, म्हणून कोर्ट तेथे आवळून घेतले गेले, अशी आख्यायिका सांगितली जाते. आख्यायिका ऐतिहासिकदृष्ट्या सिद्ध मानता येणार नाही. परंतु खोलीनुसार कोर्टाचा आकार आणि खेळाडूंची संख्या बदलत असे, ही वस्तुस्थिती आहे. आजचे ४४ फूट लांब व २० फूट रुंद (१३.४० मीटर × ६.१० मीटर) कोर्ट त्यानंतर सार्वत्रिक झाले.

चर्च हॉल आणि खेळाचा प्रसार

कवायतगृहे सर्वत्र नव्हती. चर्च हॉल मात्र जवळजवळ प्रत्येक वस्तीत होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत निरनिराळ्या पंथांच्या चर्चनी असे हॉल बांधले. औद्योगिक शहरांतील तरुणांना मद्यगृहापासून दूर ठेवून निर्व्यसनी मनोरंजन पुरविणे हा त्यामागील एक हेतू होता. शरीरबळ आणि धर्मनिष्ठा यांची सांगड घालणारा विचारप्रवाह टॉमस ह्यूज व चार्ल्स किंग्सली यांच्या लेखनातून त्या काळी रुजला होता. ॲस्टन व्हिला (१८७४), एव्हर्टन (१८७८) आणि साउथॅम्प्टन (१८८५) या पुढे व्यावसायिक झालेल्या फुटबॉल क्लबांचा उगमही चर्चशी निगडित मंडळांतच आहे.

फुटबॉलला मैदान लागते. इंग्लंडच्या दीर्घ, ओल्या हिवाळ्यात संध्याकाळी बंद सभागृहात खेळता येईल असा खेळ म्हणून बॅडमिंटन चर्च हॉलला सोयीचे होते. एक जाळे, दोन खांब, जमिनीवर आखलेल्या रेषा आणि रिकामे सभागृह एवढे पुरेसे होते. स्त्री-पुरुष एकत्र खेळू शकतात, हेही महत्त्वाचे कारण होते. १८९९ च्या पहिल्या ऑल इंग्लंड स्पर्धेत केवळ दुहेरीचे सामने होते आणि त्यांत मिश्र दुहेरीचा समावेश होता. एकेरीचे सामने पुढील वर्षी आले. तरुण-तरुणींना समाजमान्य वातावरणात एकत्र येण्याच्या संधी मर्यादित असलेल्या काळात मिश्र दुहेरीचे सामाजिक मूल्य मोठे होते.

चर्च हॉलमधील खेळाचे स्वरूप

चर्च हॉल बॅडमिंटनसाठी बांधलेला नसल्यामुळे त्याचे प्रत्येक वैशिष्ट्य खेळाडूपुढे अडचण म्हणून उभे राहते. छप्पर उतरते असते आणि त्याला आधार देणाऱ्या लाकडी कैच्या व आडव्या तुळया कोर्टावर आडव्या येतात. मागची भिंत कित्येकदा शेवटच्या रेषेपासून दोन-तीन पावलांवर असते. एका टोकाला नाटकासाठी रंगमंच असतो आणि त्यावर रचून ठेवलेल्या खुर्च्या असतात. भिंती फिकट रंगाच्या असतात, त्यामुळे पांढरे शटल त्यांवर चटकन दिसत नाही. फळ्यांची जमीन नृत्याच्या कार्यक्रमांसाठी घासून गुळगुळीत केलेली असते.

या परिस्थितीची दखल खेळाच्या अधिकृत नियमांनीही घेतली आहे. शटल छताला किंवा भिंतीला लागल्यास तो दोष मानला जातो, हा सर्वसाधारण नियम आहे. मात्र वास्तूच्या रचनेमुळे आवश्यक असेल तेथे, राष्ट्रीय संघटनेच्या नकाराधिकाराच्या अधीन राहून, स्थानिक संघटनेला अडथळ्यांबाबत स्वतंत्र पोटनियम करता येतात. त्यामुळे एखाद्या हॉलमध्ये तुळईला लागलेले शटल ‘लेट’ मानून गुण पुन्हा खेळला जातो, तर दुसऱ्या हॉलमध्ये तोच दोष ठरतो. पाहुण्या संघाला सामन्यापूर्वी हे पोटनियम समजावून सांगणे हा यजमान कर्णधाराच्या कर्तव्याचा भाग असतो. एका जागतिक खेळाच्या नियमावलीत गावातल्या तुळईला मिळालेले हे स्थान लक्षणीय आहे.

खेळाचे तंत्रही वास्तूनुसार घडते. ज्याला भारतीय खेळाडू बोलीभाषेत ‘टॉस’ म्हणतात तो उंच व खोल फटका कमी उंचीच्या हॉलमध्ये धोक्याचा ठरतो. परिणामी जाळ्यालगतचे सपाट वेगवान फटके, आखूड सर्व्हिस, जाळ्याजवळचा ताबा आणि भागीदाराशी जुळवून घेतलेली हालचाल यांवर भर येतो. अशा हॉलमध्ये तयार झालेला खेळाडू दुहेरीत चपळ असतो, परंतु उंच छताखाली एकेरी खेळताना कोर्टाची खोली त्याला अपरिचित वाटते. घरच्या खेळाडूंना दोन तुळयांमधून शटल उंच कसे पाठवावे, हे सवयीने ठाऊक असते. त्यामुळे यजमान संघाला मिळणारा लाभ येथे प्रेक्षकांकडून मिळत नाही. तो छपराकडून मिळतो.

तापमानाचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. थंड हवा अधिक घन असल्याने शटलला अधिक विरोध करते आणि ते लवकर खाली येते. म्हणून शटल वेगवेगळ्या गतिक्रमांकांत तयार केली जातात. उष्ण हवेच्या किंवा उंचावरील प्रदेशात ७५-७६ क्रमांकाची संथ शटल, तर थंड ठिकाणी ७८-७९ क्रमांकाची वेगवान शटल वापरली जातात. नियमानुसार शटलची चाचणी त्या त्या सभागृहातच घ्यावयाची असते : मागच्या रेषेवरून खालून पूर्ण जोराने मारलेले शटल समोरच्या मागच्या रेषेच्या ५३० ते ९९० मिलीमीटर अलीकडे पडले पाहिजे. तापविण्याची व्यवस्था अपुरी असलेल्या जुन्या हॉलमध्ये संध्याकाळी साडेसात वाजता योग्य ठरलेले शटल, माणसांच्या वावराने हवा उबदार झाल्यावर दहा वाजता योग्य राहीलच असे नाही.

क्रीडासंकुलाचा उदय

दुसऱ्या महायुद्धानंतर कल्याणकारी राज्याच्या संकल्पनेत क्रीडासुविधांचा समावेश झाला. १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या वुल्फेंडन समितीच्या ‘स्पोर्ट अँड द कम्युनिटी’ या अहवालाने सार्वजनिक सुविधांच्या अभावाकडे लक्ष वेधले. १९६५ मध्ये सल्लागार स्वरूपाचे स्पोर्ट्स कौन्सिल स्थापन झाले आणि १९७२ मध्ये त्याला राजसनदेद्वारे स्वतंत्र दर्जा मिळाला. १९७४ मध्ये इंग्लंडमधील स्थानिक स्वराज्य संस्थांची पुनर्रचना झाली आणि त्या दशकात नगरपरिषदांनी क्रीडासंकुले उभारण्याचा वेग वाढविला.

या संकुलांतील मुख्य दालनाचे मोजमाप बॅडमिंटनच्याच परिभाषेत केले जाते, ही उल्लेखनीय बाब आहे. इंग्लंडमध्ये बंदिस्त क्रीडागृह किती मोठे आहे हे सांगताना ते ‘चार कोर्टांचे’ किंवा ‘सहा कोर्टांचे’ आहे, असे म्हटले जाते. स्पोर्ट इंग्लंड या संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शनानुसार चार कोर्टांच्या दालनाचे माप ३४.५ मीटर × २० मीटर असून मोकळी उंची ७.५ मीटर आहे. जो खेळ शंभर वर्षे इतरांच्या दालनात पाहुणा म्हणून राहिला, त्याचे कोर्ट आता दालनाचे एकक बनले.

खेळाच्या दृष्टीने क्रीडासंकुलाचे लाभ निर्विवाद आहेत. उंची पुरेशी असल्याने सर्व फटके खेळता येतात. लवचीक पायाच्या जमिनीमुळे गुडघे व घोटे यांवरील आघात कमी होतो. भिंतींना गडद, चकाकी नसलेला रंग देता येतो आणि दिवे कोर्टांच्या मधल्या पट्ट्यांवर बसविता येतात, म्हणजे वर पाहणाऱ्या खेळाडूचे डोळे दिपत नाहीत. कपडे बदलण्याच्या खोल्या, स्नानगृहे, वाहनतळ आणि प्रशिक्षक यांची सोय असते. तथापि ही दालने बहुउद्देशीय असतात. नेटबॉल, बास्केटबॉल, पाच जणांचा फुटबॉल यांच्या रंगीबेरंगी रेषा एकाच जमिनीवर एकमेकींना छेदतात. खेळती हवा ठेवणाऱ्या यंत्रणेच्या झोताने शटल वाहवत जाते, ही तक्रारही खेळाडू करतात. शाळांच्या दालनांत परीक्षेच्या काळात बाके मांडली जातात आणि खेळ थांबतो. थोडक्यात, नव्या वास्तूतही बॅडमिंटनला पूर्ण मालकी लाभलेली नाही.

वेळेचे गणित आणि प्रतीक्षा

दोन्ही वास्तूंतील खरा भेद उंचीपेक्षा वेळेच्या हिशेबात अधिक स्पष्ट होतो. त्यासाठी स्थानिक लीगमधील एक प्रचलित स्वरूप विचारात घेता येईल. प्रत्येक संघात तीन जोड्या असतात आणि प्रत्येक जोडी प्रतिपक्षाच्या तिन्ही जोड्यांशी खेळते. म्हणजे एकूण नऊ लढती होतात. एका लढतीस सरासरी २० मिनिटे लागतात असे गृहीत धरले, तर एकच कोर्ट असलेल्या चर्च हॉलमध्ये सामना १८० मिनिटे, म्हणजे तीन तास चालतो. क्रीडासंकुलात तीन कोर्टे घेतल्यास एका वेळी तीन लढती होतात आणि तोच सामना एका तासात संपतो.

दोन्ही ठिकाणी प्रत्येक खेळाडू तीनच लढती, म्हणजे एक तासच खेळतो. खेळाचे प्रमाण समान आहे. फरक आहे तो उरलेल्या दोन तासांचा. चर्च हॉलमध्ये बारा खेळाडूंपैकी चौघे कोर्टावर असतात आणि आठ जण रंगमंचाच्या कडेवर, बाकांवर किंवा स्वयंपाकघराच्या दारात बसलेले असतात. त्यांत स्वतःच्या संघातील खेळाडू असतात, तसेच प्रतिपक्षाचेही असतात. गुण मोजणे, नवोदिताला दोन शब्द सुचविणे, आजारी सभासदाची चौकशी करणे, नोकरीची बातमी देणे या सर्व गोष्टी या दोन तासांत घडतात. यजमान क्लबने पाहुण्यांना चहा व खाद्यपदार्थ द्यावेत, हा अनेक लीगमधील रिवाज याच वेळेवर आधारलेला होता; हॉलला जोडलेले स्वयंपाकघर त्यासाठी उपयोगी पडे.

क्लबच्या साध्या संध्याकाळीही हाच प्रकार असतो. अनेक क्लबांत सभासदांच्या नावांच्या खुंट्या लावलेली एक पाटी असते. क्रमाने पुढच्या चौघांची निवड त्या पाटीवरून होते. त्यामुळे उत्तम खेळाडू आणि नवशिका, वयस्कर आणि तरुण यांची जोडी जमते. प्रतीक्षा आणि सरमिसळ या दोन गोष्टी एकाच व्यवस्थेची अंगे आहेत.

क्रीडासंकुलात प्रतीक्षा ही हानी मानली जाते, कारण तेथे भाडे प्रत्येक कोर्टाचे व प्रत्येक तासाचे असते. चर्च हॉल बहुधा संपूर्ण संध्याकाळसाठी एकत्रित भाड्याने मिळत असे. बसून राहण्याचा वेगळा आकार नव्हता. संकुलात तास भरण्यापूर्वीच पुढचे खेळाडू दाराशी येऊन उभे राहतात. २००६ मध्ये प्रत्येक रॅलीला गुण देणारी २१ गुणांची पद्धत आंतरराष्ट्रीय स्तरावर स्वीकारली गेली. पूर्वी केवळ सर्व्हिस करणाऱ्या पक्षालाच गुण मिळत असल्याने लढतीची लांबी अनिश्चित असे. नव्या पद्धतीने ती पुष्कळ अंशी आटोक्यात आली आणि तासाच्या आरक्षणाशी तिचे सहज जुळले.

सभासद आणि ग्राहक

वेळेच्या या भेदातून सभासदत्वाचा भेद उद्भवतो. चर्च हॉलमध्ये कर्मचारी नसतात. किल्ली चिटणिसाकडे असते. कोणीतरी लवकर येऊन दिवे लावतो, खुर्च्या बाजूला सारतो, जमीन झाडतो, खांब उभे करून जाळे ताणतो. शेवटी दुसरा कोणी कुलूप लावतो. भाड्याचा हिशेब, शटलची खरेदी, वार्षिक सभा, हॉलच्या समितीशी पत्रव्यवहार ही कामे सभासदच करतात. या कामांतून व्यक्तीला लहान प्रमाणावर का होईना, संस्था चालविण्याचा अनुभव मिळतो.

क्रीडासंकुलात ही कामे कर्मचारी करतात. ही सोय स्वागतार्ह आहे, परंतु तिच्याबरोबर नातेही बदलते. १९८८ च्या स्थानिक शासन कायद्यान्वये १९८९ मध्ये काढलेल्या आदेशाने नगरपरिषदांच्या क्रीडासुविधांचे व्यवस्थापन स्पर्धात्मक निविदांसाठी खुले करण्यात आले. तेव्हापासून प्रत्येक तासाचे उत्पन्न हा व्यवस्थापनाचा निकष अधिक ठळक झाला. सभासद नसतानाही येऊन खेळता यावे, यासाठी बॅडमिंटन इंग्लंडने ‘नो स्ट्रिंग्ज बॅडमिंटन’ ही योजना राबविली. अनेक नवे लोक त्यामुळे खेळाकडे वळू शकले. मात्र तिचे नावच सूचक आहे : खेळ हवा, बंधन नको.

या बदलाचा अर्थ लावण्यास समाजशास्त्रातील दोन संकल्पना उपयुक्त ठरतात. रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ मधील ‘द ग्रेट गुड प्लेस’ या ग्रंथात घर आणि कामाचे ठिकाण यांखेरीज असलेल्या ‘तिसऱ्या स्थाना’चे महत्त्व सांगितले. रॉबर्ट पुटनम यांनी २००० मधील ‘बोलिंग अलोन’ या ग्रंथात अमेरिकेतील बोलिंगचे उदाहरण घेऊन, खेळणाऱ्यांची संख्या वाढत असतानाही संघटित लीग कशा घटल्या हे दाखविले आणि त्यातून सामाजिक भांडवलाच्या ऱ्हासाचा सिद्धान्त मांडला. पुटनम यांचा भर संघटनेतील सहभागावर आहे. बॅडमिंटनच्या उदाहरणाने त्यात एका घटकाची भर घालता येते. संघटना टिकण्यासाठी बसण्याची जागा आणि बसण्याचा वेळ लागतो, आणि या दोन्ही गोष्टी वास्तू व भाड्याची पद्धत यांवर अवलंबून असतात. लोकांचा स्वभाव बदलला असे म्हणण्यापूर्वी बाक कोठे गेले, हे पाहणे इष्ट ठरते.

चर्च हॉलच्या मर्यादा

येथवरच्या विवेचनावरून चर्च हॉल हा आदर्श होता, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. गुळगुळीत जमीन, भिंतीची जवळीक आणि उघडे तापक यांमुळे दुखापतीचा धोका असे. प्रवेशद्वारी पायऱ्या असल्याने चाकाच्या खुर्चीवरील खेळाडूला आत येणेच कठीण होते. पॅरा-बॅडमिंटनचा समावेश टोकियो पॅरालिंपिकमध्ये (२०२१ मध्ये झालेल्या) प्रथमच झाला. अशा खेळाडूंसाठी सपाट प्रवेश, रुंद दरवाजे आणि योग्य स्वच्छतागृहे ही पहिली अट आहे, आणि ती नव्या वास्तूच अधिक चांगल्या प्रकारे पूर्ण करतात. चर्चशी निगडित क्लबांत सभासदत्व अनेकदा त्या चर्चच्या मंडळींपुरते मर्यादित असे. अन्यधर्मीय किंवा परगावाहून, परदेशातून आलेल्या व्यक्तीला क्रीडासंकुलाचे खुले आरक्षण अधिक सन्मानाचे वाटले असल्यास नवल नाही. शिवाय एका कोर्टावर चौघेच खेळू शकत असल्याने मुलांना पद्धतशीर प्रशिक्षण देणे तेथे जवळजवळ अशक्य होते.

दुसरीकडे क्रीडासंकुलेही चिरस्थायी नाहीत. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे ती बंद झाली, आणि २०२२ मध्ये वाढलेल्या ऊर्जादरांनी त्यांच्या व्यवस्थापनावर मोठा भार टाकला. ज्या क्लबला स्वतःची किल्ली नाही, त्याचे भवितव्य दुसऱ्याच्या ताळेबंदावर अवलंबून असते. अर्थात चर्च हॉल विकला गेला किंवा पाडला गेला, तर तेथील क्लबही निराधार होतो. दोन्ही वास्तूंत क्लब हा भाडेकरूच आहे. फरक इतकाच की एका ठिकाणी तो घरच्यासारखा वावरतो.

भारतीय संदर्भ

ज्या पुण्याचे नाव या खेळाला एकेकाळी मिळाले होते, त्या महाराष्ट्रालाही हा प्रश्न परका नाही. सांगली येथे जन्मलेले नंदू नाटेकर यांनी १९५६ मध्ये क्वालालंपूर येथील सेलंगोर स्पर्धा जिंकली. आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू होत. १९८० मध्ये ऑल इंग्लंड विजेते ठरलेले प्रकाश पदुकोण यांनी बंगळुरू येथे बालपणी खेळाचे धडे गिरविले ते एका विवाह-सभागृहात. लग्नकार्य नसेल त्या दिवशीच तेथे खेळता येत असे, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. इंग्लंडमधील चर्च हॉल आणि भारतातील विवाह-सभागृह यांचे कार्य या बाबतीत सारखेच आहे : समाजाच्या इतर गरजांसाठी उभारलेल्या छपराखाली खेळाला मिळालेली जागा.

आज पुणे, मुंबई, बंगळुरू यांसारख्या शहरांत पत्र्याच्या छताखालील, कृत्रिम आच्छादनाची खाजगी कोर्टे तासाच्या भाड्याने मिळतात आणि त्यांचे आरक्षण भ्रमणध्वनीवरून होते. अनेक महाविद्यालयेही बंदिस्त क्रीडागृहे उभारीत आहेत. अशा वेळी कोर्टांची संख्या, छताची उंची आणि आच्छादनाचा दर्जा यांची चर्चा होते, आणि ती व्हावयासच हवी. परंतु कोर्टाबाहेर बसण्याची जागा, चहाची सोय, विद्यार्थ्यांच्या मंडळाकडे सोपविलेली किल्ली आणि संपूर्ण संध्याकाळ एका गटास देण्याची तरतूद यांचा उल्लेख आराखड्यात सहसा आढळत नाही. प्राध्यापक, कर्मचारी आणि विद्यार्थी यांनी एकाच पाटीवरून जोडीदार निवडून खेळावे, यासाठी मोठा खर्च लागत नाही. तशी व्यवस्था मात्र लागते.

समारोप

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, वास्तू ही बॅडमिंटनमध्ये निष्क्रिय पार्श्वभूमी नसून तिने कोर्टाचा आकार, पोटनियम आणि खेळाचे तंत्र यांवर प्रत्यक्ष परिणाम केला आहे. दुसरा, चर्च हॉलपासून क्रीडासंकुलापर्यंतच्या प्रवासात खेळ सुधारला, सुरक्षित झाला आणि अधिक लोकांना खुला झाला. या लाभांचा त्याग करण्याचे कारण नाही. तिसरा, या प्रवासात जे कमी झाले ते खेळाचे प्रमाण नव्हे, तर खेळांमधील मोकळा वेळ आणि त्यातून निर्माण होणारी सामूहिक जबाबदारी होय.

ही हानी अपरिहार्य नाही. ती उंच छतामुळे झालेली नाही. ती कोर्टांच्या मांडणीतून आणि तासाच्या भाड्यातून झाली आहे, आणि या दोन्ही गोष्टी मनुष्याच्या निर्णयाने बदलता येतात. साडेसात मीटर उंचीच्या दालनातही एक लांब बाक ठेवता येतो. नवी क्रीडागृहे बांधणाऱ्या संस्थांनी आराखड्यावर स्वाक्षरी करण्यापूर्वी खेळाडू खेळत नसतील तेव्हा कोठे बसतील, हा प्रश्न विचारला, तर जुन्या हॉलमधील सर्वांत मोलाची गोष्ट नव्या वास्तूत आणता येईल.